पंक्तीबाहेरचा कांदा

आषाढ शुद्ध नवमीस महाराष्ट्रात कांदेनवमी म्हणतात. या दिवसाला व्रतकथा नाही, पूजाविधी नाही, देवापुढे ठेवावयाचा नैवेद्यही नाही. दोन दिवसांनी देवशयनी एकादशी येते, चातुर्मास लागतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत कांदा, लसूण व वांगे स्वयंपाकघराबाहेर राहतात. तेव्हा त्यापूर्वी एक दिवस कांदा मनसोक्त खाऊन घ्यावा, एवढाच या तिथीचा आशय. कुरकुरीत भजी, थालीपीठ, मसाला भरून तेलावर शिजवलेले अख्खे कांदे, पीठ पेरून केलेली भाजी, कांदा घातलेला झणझणीत झुणका, असा त्या दिवशीचा बेत असतो. धर्मशास्त्राने जो पदार्थ द्विजांना अभक्ष्य ठरवला, त्याच्या निरोपासाठी त्याच द्विजांच्या घरी एक तिथी राखून ठेवली जावी, ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. तिच्यामागे सुमारे दोन हजार वर्षांचा एक वाद उभा आहे: एका बाजूस स्मृतिकार, दुसऱ्या बाजूस वैद्य, आणि या दोघांचेही ऐकण्यास ज्याला कधी सवड झाली नाही असा शेतावरचा कष्टकरी. माझे मत असे आहे की, या वादात अखेर कष्टकऱ्याचे ताट खरे ठरले, आणि ते का खरे ठरले हे उमजण्यास विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला.

स्मृतिकारांची बाजू प्रथम पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लशुन, गृंजन, पलांडु आणि कवक, म्हणजे लसूण, त्याच जातीचा गृंजन नावाचा कंद, कांदा आणि अळंबी, हे पदार्थ द्विजांना वर्ज्य सांगितले असून, ते जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो असेही पुढे म्हटले आहे. हा निषेध केवळ पोथीत राहिला नव्हता, याची साक्ष परकीयांनी दिली आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने मध्यदेशातील लोक कांदा-लसूण खात नाहीत, अपवाद फक्त चांडाळांचा, असे लिहून ठेवले. आणि सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगाने तर हे पदार्थ खाणाऱ्यास वस्तीबाहेर घालवून देतात, अशी नोंद केली. अन्नाने माणसाची पायरी ठरवावी आणि त्या पायरीने त्याचे घर गावात की गावकुसाबाहेर हे ठरवावे, असा हा क्रम आहे. याच संदर्भात एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. कांदा तामसी म्हणून त्याज्य, असे सांगताना आज सर्रास भगवद्गीतेचा हवाला दिला जातो; परंतु गीतेच्या सतराव्या अध्यायात त्रिविध आहाराचे जे वर्णन आहे, त्यात कांद्याचे किंवा लसणाचे नाव कोठेही नाही. तेथे अतिकटू, अतिउष्ण, शिळे, उष्टे अशी गुणांची गणना आहे. पदार्थांची यादी पुढच्यांनी आपापल्या समजुतीप्रमाणे भरली.

वैद्यांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते, आणि ते त्यांनी चोरून मांडले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पलांडूचे गुण सांगताना तो कफ वाढवणारा, पित्ताचे शमन न करणारा, परंतु वातनाशक, बल्य, गुरू, वृष्य आणि रुची आणणारा असून आहारात योजण्यास योग्य आहे, असा निर्वाळा दिला आहे. लसणाचा गौरव तर याहून पुष्कळ मोठा. काश्यपसंहितेत लशुनकल्प नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. इ. स. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांवरील जे प्राचीन हस्तलिखित आले आणि ज्याचे संपादन पुढे रुडॉल्फ हर्न्ले या पंडिताने केले, त्याच्या पहिल्याच प्रकरणात लसणाचे स्तोत्र आहे. अमृत प्राशन करणाऱ्या राहूचे मस्तक विष्णूने छेदले तेव्हा त्याच्या कंठातून जे रक्ताचे थेंब भूमीवर पडले त्यांतून लसूण उपजला. म्हणून तो अमृताच्या गुणाचा, आणि दैत्याच्या देहातून आला म्हणून ब्राह्मणाला निषिद्ध, अशी उपपत्ती तेथे दिली आहे.

या हस्तलिखितातील पुढचा उपाय मात्र मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत बोलका भाग वाटतो. गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावे, त्यानंतर दोन भाग गवत व एक भाग लसणाची पात असे मिश्रण तिला चारावे, आणि मग तिचे जे दूध निघेल ते, अथवा त्याचे दही, तूप, ताक, ब्राह्मणाने सेवन करावे. म्हणजे रोगही जातो आणि आचारही राहतो. निषेध मोडावयाचा नाही, पण गुण सोडावयाचा नाही, अशा कोंडीत सापडलेल्या वैद्याने काढलेली ही वाट आहे. त्या गाईच्या दुधात लसणाचा वास उतरत असेल, काही द्रव्येही उतरत असतील. परंतु लसणाच्या ज्या अंशाविषयी या निबंधात पुढे बोलावयाचे आहे, तो त्या दुधात उतरण्याचा संभव नाही, कारण तो गाईच्या पोटातील सूक्ष्मजंतूच फस्त करतात. ब्राह्मणाच्या आतड्यापर्यंत तो पोहोचावयाचा तर त्याने लसूणच खावयास हवा होता.

आता तिसरा पक्ष. दख्खनच्या जिराईत मुलखात रयतेचे रोजचे जेवण म्हणजे जोंधळ्याची किंवा बाजरीची भाकरी, आणि तिच्याबरोबर जे मिळेल ते. विहिरीवर मोट चालत असेल तर बागाईताच्या कोपऱ्यात दोन वाफे कांद्याचे, एक लसणाचा, मिरचीची चार झाडे, एवढी तजवीज बहुधा असे. नसेल त्याने आठवड्याच्या बाजारातून कांदा आणावा. आपल्या मळ्यात राबता राबता विठ्ठलाला आळवणारा अरणचा सावता माळी याच बागाईती जीवनातून आला, आणि त्याच्या भक्तीला त्या मळ्यातील कोणतेही पीक अमंगळ वाटले नाही. दुपारी औत सोडून बांधावर बसलेला कुणबी जेवतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. भाकरीची चवड फडक्यातून सुटते. वरची भाकरी डाव्या तळहातावर येते, तिच्यावर लाल चटणीचा गोळा आणि त्यात तेलाची धार. कांदा तो सुरीने कापत नाही. कांदा दगडावर ठेवून त्यावर मुठीची एक बुक्की हाणतो. पापुद्रे आपोआप सुटतात, डोळ्यांना झोंबणारे पाणी बरेचसे निथळून जाते, आणि उरलेल्या पाकळ्या मिठाला लावून तो घासागणिक चावतो. हा बुक्कीचा कांदा गरिबीचे लक्षण मानला गेला. पंक्तीला बसणाऱ्यांच्या लेखी तो पंक्तीबाहेरचा. लष्करात, गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर, घाटातल्या रस्त्याच्या कामावर आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांतून मात्र तोच सोबतीला राहिला. मोगल अमदानीतील ऐन-ए-अकबरीत बाजारभावांच्या नोंदींत कांदा आणि लसूण दोन्ही आहेत. म्हणजे स्मृतींचे शब्द काहीही असोत, बाजारात मागणी अखंड होती.

या कांद्यात होते काय? बहुतेक धान्ये आणि बटाट्यासारखे कंद आपला अन्नसाठा पिष्टाच्या रूपाने करतात. कांदा व लसूण तसे करीत नाहीत. फलशर्करेचे रेणू एकापुढे एक गुंफून ते एक साखळी तयार करतात आणि तिच्या टोकाशी ग्लुकोजचा एक रेणू असतो. या द्रव्यवर्गास फ्रुक्टान म्हणतात. त्याच कुळातील इन्युलिन हे द्रव्य व्हॅलेंटिन रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने १८०४ साली एका औषधी वनस्पतीच्या मुळांतून प्रथम वेगळे केले; परंतु ते खाल्ल्यावर शरीरात काय घडते, याचा उलगडा व्हावयास जवळजवळ दोन शतके गेली. मानवी लहान आतड्यातील पाचकरसांत ही गुंफण सोडवणारे विकरच नाही. म्हणून फ्रुक्टान न पचता जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरते, आणि पचनाच्या जुन्या हिशेबाने पाहता ते वायाच जाते.

हा हिशेब चुकीचा होता, हे दोन निरनिराळ्या दिशांनी समजत गेले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिस्सिए याला १८९९ च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या विष्ठेत दुबेळक्याच्या आकाराचे जंतू विपुल आढळले. त्यांनाच पुढे बायफिडोबॅक्टेरियम हे नाव मिळाले. त्याच संस्थेतील मेचनिकॉफने, ज्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आंबवलेल्या दुधातील जंतू पोटात घातल्याने वार्धक्य लांबते असा सिद्धांत मांडला, आणि जगाचे लक्ष पोटातील जंतूंकडे वळले. परंतु अर्भकाच्या आतड्यात ते हितकारी जंतू वाढतात कशावर, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर आईच्या दुधातच होते. त्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल प्रमाण असते ते अशा शर्करांचे, ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातील या जंतूंसाठी असतात. माता एकाच वेळी दोघांना पोसते, हे जेव्हा मी प्रथम वाचले तेव्हा आपल्या पोटाविषयीची माझी सारी कल्पना बदलून गेली.

१९९५ साली इंग्लंडमधील ग्लेन गिब्सन आणि बेल्जममधील मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी या सर्व धाग्यांची एकत्र मांडणी केली. माणसाला पचत नाही, परंतु मोठ्या आतड्यातील हितकारी जंतूंची निवडक वाढ करून माणसाचे आरोग्य सुधारते, अशा अन्नघटकास त्यांनी प्रीबायोटिक ही संज्ञा दिली. दह्याताकातून जिवंत जंतू पोटात जातात. प्रीबायोटिक हे पोटात आधीच वसलेल्या जंतूंचे अन्न. फ्रुक्टान मोठ्या आतड्यात पोहोचले की बायफिडोबॅक्टेरियम त्याचे विघटन करून ॲसिटिक आणि लॅक्टिक आम्ले निर्माण करतात, या आम्लांवर दुसऱ्या जातींचे जंतू जगतात आणि ते ब्युटिरिक आम्ल तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपले बहुतेक इंधन याच आम्लातून मिळवतात. आतड्यातील आम्लता वाढल्याने अनेक उपद्रवी जंतूंना तेथे वाढण्यास मज्जाव होतो, मल मऊ व नियमित होतो, आणि अन्नातील कॅल्शियम विरघळून अधिक शोषले जाते. अमेरिकेत ह्यूस्टन येथे किशोरवयीन मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलिनवर्गीय द्रव्य दिल्यावर त्यांचे कॅल्शियमचे शोषण आणि हाडांतील खनिजसंचय वाढल्याचा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली चिकोरीच्या मुळातील इन्युलिन रोज १२ ग्रॅम घेतल्यास शौच नियमित होण्यास मदत होते, असा अभिप्राय दिला.

या आकड्यांशेजारी कांद्याचे आकडे ठेवून पाहावेत. शंभर ग्रॅम कांद्यात साधारणपणे २ ते ६ ग्रॅम, तेवढ्याच लसणात ९ ते १६ ग्रॅम, गव्हात १ ते ४ ग्रॅम, आणि पिकल्या केळ्यात एक ग्रॅमहूनही कमी इन्युलिन असते. बांधावर बसलेल्या गड्याने भाकरीबरोबर शंभर-शंभर ग्रॅमचे दोन कांदे खाल्ले, तर त्याच्या आतड्यात ४ ते १२ ग्रॅम फ्रुक्टान जाते. प्रयोगशाळेने औषधासारखी जी मात्रा मोजून ठरवली, ती तो कुणबी पिढ्यान्‌पिढ्या बुक्कीने फोडून खात होता. हे द्रव्य पाण्यात विरघळणारे असल्यामुळे शिजवताना ते रश्श्यात उतरते. रस्सा ओरपला की पुन्हा पोटातच येते. कांदा कच्चाच खावा असा काही दंडक यातून निघत नाही.

मात्र वैद्याने कांद्याला गुरू म्हटले होते, हेही विसरता येत नाही. कांद्यातील साखळ्या आखूड असतात, जंतू त्यांचा फडशा लवकर पाडतात, आणि त्या क्रियेत वायू निर्माण होतो. ज्याचे आतडे नाजूक आहे त्याला पोटफुगी आणि पोटदुखीचा त्रास होतो. मेलबर्न येथील मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी अशा रुग्णांसाठी जो आहार बसवला, त्यात कांदा आणि लसूण आरंभीच वर्ज्य केले आहेत. तो निषेध व्यक्तीपुरता आणि काही आठवड्यांपुरता असतो, आणि पुढे सोसेल तितका कांदा परत आणला जातो. एका माणसाचे पोट पाहून केलेला निषेध आणि अख्ख्या जातीची पायरी ठरवण्यासाठी केलेला निषेध यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

चातुर्मासातील निषेध या दोहोंपेक्षा वेगळा आहे, आणि त्याचे मूळ मला स्मृतीपेक्षा शेतात आणि कांदा साठवण्याच्या चाळीत अधिक दिसते. वर्षा ऋतूत जठराग्नी मंद असतो हे चरकाने सांगितलेच आहे. त्या दिवसांत गुरू पदार्थ टाळावेत हे त्याला धरून आहे. परंतु पिकाचे वेळापत्रकही तेच सांगते. महाराष्ट्रात उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो. पात पिवळी पडून मान खाली टाकते, शेतकरी म्हणतात माना पडल्या, की काढणी सुरू होते. उपटलेला कांदा काही दिवस त्याच्याच पातीखाली झाकून शेतात सुकवतात, मग बोटभर मान राखून पात कापतात आणि कांदा चाळीत घालतात. नवा खरिपाचा लाल कांदा बाजारात येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे आषाढ ते कार्तिक हे चार महिने साठ्यावर काढावयाचे, आणि नेमकी हीच हवा दमट. कांदा सडू लागण्याचा, कोंब फुटण्याचा हाच काळ. शिल्लक कांदा पुढच्या लागवडीच्या बियाण्यासाठी आणि शेतावर राबणाऱ्यांसाठी राखावयाचा, तर ज्यांच्या घरी दुसरे चवदार पदार्थ होते त्यांनी त्या मुदतीत कांदा न खाणेच इष्ट होते. आषाढात चाळीतील उरलासुरला कांदा भजी तळून संपवावा, ही कांदेनवमीची कल्पना मला या व्यवहाराशी तंतोतंत जुळणारी वाटते.

चाळीची रचना पाहिली म्हणजे कांदा हे पीक पिकवण्याइतकेच राखण्यात किती कष्ट आहेत ते कळते. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खालून वारा खेळेल अशी फळ्यांची किंवा बांबूंची तळी. दोन्ही बाजूंस बांबूंच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या फटी असलेल्या भिंती. वर उसाच्या पाचटाचे, कौलाचे किंवा आता पत्र्याचे छप्पर. आत कांद्याचा चार-पाच फुटांचा थर. चाळीत हात घातला की कोरडा, खसखसणारा पापुद्रा लागला पाहिजे. ओलसर, कुबट वास आला की त्या जागी खाद लागली असे समजून बायकांनी बसून कांदा निवडावा लागतो. चार-पाच महिन्यांत तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक माल असा जातो. या काळात कांद्याच्या आतही एक बदल चालू असतो. फ्रुक्टान हा त्या कंदाने पुढच्या अंकुरासाठी केलेला साठा. कांदा निद्रिस्त आहे तोवर तो बव्हंशी अबाधित राहतो, आणि कोंब फुटण्याची वेळ आली की त्याच्या साखळ्या तुटून त्यांची मोकळी शर्करा होऊ लागते. ज्या कांद्यात घन द्रव्याचे प्रमाण अधिक तो चाळीत अधिक टिकतो. पुण्याजवळचा फुरसुंगी आणि निफाडकडील एन-२-४-१ हे वाण टिकाऊपणाबद्दल प्रसिद्ध आहेत. उलट अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला अलीकडेच भौगोलिक मानांकन मिळाले, गोडव्यासाठी नावाजलेला असून माळा गुंफून विकला जातो.

नाशिक जिल्हा हा कांद्याचा मुलूख झाला तो मात्र फार जुन्या काळी नव्हे. १८६५ साली थळघाटातून आगगाडी वर चढली आणि मुंबईची बाजारपेठ निफाड, लासलगाव, मनमाडच्या दाराशी आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नांदूरमध्यमेश्वराचा बंधारा आणि गोदावरीचे कालवे झाले, आणि जिराईत रानात पाण्याची हमी आली. बाजार होता, परंतु तेथील दस्तूर शेतकऱ्याला नागवणारा होता: हातावर फडके टाकून त्याखाली बोटे दाबून सौदा व्हावा, मालाच्या धन्याला भाव कळावा तो पट्टी हातात पडल्यावर, आणि त्या पट्टीतून अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी कपात व्हावी. मुंबई सरकारने १९३९ साली शेतमाल बाजाराचा कायदा केला, त्याखाली १९४७ साली लासलगावची बाजार समिती स्थापन झाली, आणि सौदा फडक्याखालून उघड्यावर आला. मराठी शेतकऱ्याच्या इतिहासात ही घटना एखाद्या लढाईइतकी महत्त्वाची आहे, असे मला मनापासून वाटते.

तो लिलाव आजही उघड्या आवारात होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. पुकारणारा पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका त्याच्यामागे. एकजण चाकावर पाय देऊन वर चढतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा कांदा वर काढतो, अंगठ्याने त्याची मान दाबून पाहतो; मान मऊ लागली की भाव तेथल्या तेथे उतरतो. गोल्टी किती, चिंगळी किती, जोड किती, डेंगळे किती, हे त्याची नजर क्षणात टिपते. सहा महिन्यांच्या मेहनतीचा फैसला एवढ्यात होतो, आणि खाली उभा असलेला शेतकरी तो ऐकून घेतो.

पुढचा इतिहास वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक आहे. चाकणच्या बाजारातून शरद जोशींनी १९७८ ते १९८० या काळात कांद्याच्या भावाचे आंदोलन उभे केले; १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर उतरले, आणि गोळीबारात माणसे गेली. त्याच वर्षाच्या आरंभी झालेल्या लोकसभा निवडणुकीत कांद्याची महागाई हा प्रचाराचा विषय होता, १९९८ साली दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीतही होता. भाव चढला की शहराचा आक्रोश होतो आणि निर्यातीवर बंदी येते, जशी २०२३ च्या डिसेंबरात आली आणि २०२४ च्या मे महिन्यात उठली. भाव पडला की शेतकरी कांदा रस्त्यावर ओततो, आणि त्याची दाद घेण्यास फारसे कोणी येत नाही. या दोन्ही प्रसंगी जो खरा तोटा होतो त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. भाव चढल्यावर कांदा प्रथम गरिबाच्या ताटातून जातो. श्रीमंताच्या ताटातला फक्त बारीक चिरला जातो. ज्या माणसाच्या जेवणात भाजी, फळ, दूध यांपैकी काहीच रोज नसते, त्याच्या आतड्याला मिळणारा हा बहुधा मोठा आधार. तोच त्या महिन्यांत काढून घेतला जातो. कांद्याकडे फोडणीचा पदार्थ म्हणून न पाहता अन्न म्हणून पाहिले जावे, आणि स्वस्त धान्याच्या दुकानातून त्याची विक्री टंचाईच्या महिन्यांत नियमाने व्हावी, अशी मागणी करण्यास आता शास्त्राचाही पाठिंबा आहे.

कांदा वर्ज्य करणाऱ्या घरांनी काय गमावले आणि काय राखले, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. चव त्यांनी अफगाणिस्तानातून येणाऱ्या हिंगाने भागवली. आतड्यातील जंतूंचे अन्न मात्र त्यांना दुसऱ्या वाटेने मिळत राहिले, कारण श्रावणातील मराठी स्वयंपाकात मटकी, मूग, वाल, हुलगे, चवळी यांची रेलचेल असते. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात, त्याही माणसाला न पचता मोठ्या आतड्यात जाऊन त्याच कामी येतात. भिजवून मोड आणल्याने त्यांचे प्रमाण घटते आणि वायूचा त्रासही घटतो, हे वालाचे बिरडे करणाऱ्या गृहिणींना अनुभवाने ठाऊक होते. शिजवून थंड झालेल्या भातातील आणि भाकरीतील पिष्टाचा काही अंश पचनास अवघड होऊन मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो, म्हणून शिळी भाकरी ताकात कुस्करून खाण्याची रीत निव्वळ काटकसर नव्हती. कच्च्या केळ्याची भाजी आणि बाळंतिणीचे डिंकाचे लाडू यांतही असेच अंश आहेत. अडचण आहे ती आजच्या घराची. त्यात चातुर्मास म्हणून कांदा-लसूण बंद होतो, परंतु त्याची भरपाई करणारी उसळ, ज्वारीची भाकरी आणि केळफुलाची भाजी यांच्याऐवजी मैद्याचे, साबुदाण्याचे आणि तळणाचे पदार्थ येतात. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नसते. त्या उपासात पोटातील जंतूंचाही उपास घडतो.

तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. तो अवश्य पाळावा. कुळाचार म्हणून चालत आलेला संयम तुच्छ नाही. मात्र कांदा ताटातून गेला त्या दिवसापासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज एक मूठ भिजवलेले कडधान्य आणि एक ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी घरातील प्रत्येकाच्या, विशेषतः मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या, पोटात जाईल एवढी काळजी घ्यावी; पोट नाजूक असेल त्यांनी थोड्याने आरंभ करून पंधरा-वीस दिवसांत प्रमाण वाढवावे. आणि ज्यांच्यावर कसलाही निर्बंध नाही, त्यांनी दुपारच्या जेवणात एक कांदा आणि दोन पाकळ्या लसूण संकोच न करता घ्यावा.